एस्तेरगोम: पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे

गाईडेड वॉकिंग टूर म्हटलं की माझ्या कपाळावर आधी आठी येते. एक जण छत्री उंच धरून पुढे चालणार, बाकीचे त्याच्या मागोमाग, आणि दर पन्नास पावलांवर थांबून कुठल्या तरी राजाचं जन्मसाल ऐकायचं, जे पुढच्या चौकात पोचेपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं. पण माझी भाची बुडापेस्टला शिकते (त्यांच्या सरकारची ती स्टिपेंडियम हंगारिकुम नावाची स्कॉलरशिप आहे ना, तिच्यावर आपली बरीच मुलं हल्ली तिकडे जातात) आणि तिने मी पोचायच्या आधीच बुकिंग करून ठेवलं होतं. "मावशी, पैसे भरलेत, आता नाटकं नकोत." संपला विषय.

गाव एस्तेरगोम. बुडापेस्टपासून वायव्येला पन्नासेक किलोमीटर, न्युगती स्टेशनवरून ट्रेन मिळते. डॅन्यूब इथे पश्चिमेकडून आरामात वाहत येते आणि थोडं पुढे गेली की डोंगरांमध्ये शिरून सरळ दक्षिणेकडे वळते, तेच ते डॅन्यूब बेंड. नदीच्या या काठावर हंगेरी, त्या काठावर स्लोव्हाकिया. नकाशात हे बघितलेलं असलं तरी समोर उभं राहिल्यावर मजा वाटते, कारण पलीकडची माणसं अगदी स्पष्ट दिसतात, कुत्रा फिरवणारी, सायकलवाली, आणि ती सगळी परदेशात.

गाईड म्हणून जे गृहस्थ आले ते निवृत्त इतिहासशिक्षक, सत्तरी सहज ओलांडलेली, छत्री-बित्री काही नाही, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला. आम्ही दोघी त्यांना आपापसात आजोबा म्हणायला लागलो. ग्रुपमध्ये एक जर्मन जोडपं, पोलंडहून आलेल्या दोन बहिणी, साठीच्या आसपासच्या, आणि एक अमेरिकन मुलगा जो पूर्ण वेळ कॅमेऱ्यातूनच बघत होता.

सुरुवात सेचेनी चौकातून. छान पिवळ्या-गुलाबी घरांचा चौक, मध्ये कॅफेच्या खुर्च्या. टाऊन हॉल म्हणजे एकेकाळी वाक बोत्यान या सेनापतीचं घर, हा राकोत्सीच्या बंडात ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध लढलेला, एक डोळा गेलेला माणूस. इथे आजोबांनी पाच मिनिटांत आटपलं आणि ते बरंच केलं. मग हात वर करून शेजारच्या टेकडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, तिकडे बाबित्शचं घर आहे, टूरमध्ये नाही, वेळ मिळाला तर जा.

आम्ही सकाळीच जाऊन आलो होतो. मिहाय बाबित्श हा त्यांचा विसाव्या शतकातला मोठा कवी, त्याने 1924 मध्ये इथे टेकडीवर उन्हाळ्यात राहायला छोटंसं घर घेतलं. भेटायला येणाऱ्या लेखक-कवी मित्रांना तो व्हरांड्याच्या भिंतीवर कोळशाने सही करायला लावायचा. ती भिंत अजून आहे. काही सह्या झोकदार, काही अगदी लाजऱ्या, कोपऱ्यात दडलेल्या, एखाद्याने दुसऱ्याच्या सहीला धक्का लागू नये म्हणून आपली तिरकी केलेली. मी एकही नाव वाचू शकले नाही, पण त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिले. शेवटी शेवटी बाबित्शला घशाचा कॅन्सर झाला, आवाज गेला, आणि हा माणूस वह्यांमध्ये लिहून लिहून लोकांशी बोलायचा. 1941 मध्ये गेला. असो, हे टूरमध्ये नव्हतं.

चौकातून खाली उतरलं की छोटी डॅन्यूब लागते. म्हणजे मुख्य नदीतून फुटलेला एक फाटा, मध्ये बेट आणि काठाने गर्द झाडांचा रस्ता, ज्यावर सगळं गाव संध्याकाळी फिरायला येत असणार. पाणी हिरवं, संथ. इथे बाकावर बसवून आजोबांनी एकदम रोमन काळात नेलं. समोरच्या काठावर जरा खालच्या अंगाला ह्रोन नावाची नदी येऊन डॅन्यूबला मिळते, हंगेरियन लोक तिला गाराम म्हणतात. सम्राट मार्कस ऑरेलियस या भागात क्वादी टोळ्यांशी लढत होता आणि रात्री तंबूत बसून स्वतःसाठी टिपणं काढत होता, त्यातल्या एका भागावर त्याने लिहून ठेवलंय, क्वादींच्या मुलखात, ग्रान नदीकाठी. ग्रान म्हणजे हीच. राग आवरावा, मरणाला भिऊ नये वगैरे जे आपण आज इन्स्टावर सूर्यास्ताच्या फोटोवर वाचतो, त्यातलं काही या चिखलात, या डासांमध्ये लिहिलं गेलं. डास खरंच खूप होते, हे माझं.

पुढे विझीवारोश, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याची, नदीला चिकटलेली पेठ. इथून पुढे आजोबांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार यायला लागला: तुर्क. 1543 मध्ये सुलतान सुलेमानने एस्तेरगोम घेतलं, 1595 मध्ये ते परत मिळालं, 1605 मध्ये पुन्हा गेलं, 1683 मध्ये कायमचं परत आलं. म्हणजे दीडशे वर्षांत किती वेढे, किती आगी, हिशोबच नाही. 1594 च्या वेढ्यात बालिंत बालाश्शी मेला. हा हंगेरियन भाषेतला पहिला मोठा प्रेमकवी, आणि शिपाईही, तोफगोळ्याने पाय जखमी झाले आणि काही दिवसांनी गेला. आजोबांनी त्याच्या चार ओळी हंगेरियनमध्ये म्हणून दाखवल्या, भाषांतर केलं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

नदीकाठालाच तुर्कांच्या काळातली एक छोटी मशीद आहे. नंतर कित्येक वर्षं तिचा भलताच वापर होत राहिला, आता दुरुस्त करून ठेवलीय. आतून खिडकीतून बघितलं तर नदी आणि पूल असा सुंदर देखावा दिसतो. जर्मन काकांनी विचारलं, हे लोक इतकी वर्षं इथे राहिले तर मागे काय काय ठेवून गेले? आजोबा म्हणाले, ही भिंत, गरम पाण्याच्या हमामाची आवड आणि कॉफी. आणि लगेच पुढे, "बाकी सगळं तोडलं."

हे मला जरा खटकलं. म्हणजे वेढ्यांमध्ये खूप तुटलं हे खरंच आहे. पण वर किल्ल्यावर जे जुनं सेंट ॲडलबर्टचं कॅथेड्रल होतं, त्याचे अवशेष तुर्क गेल्यावरही कित्येक वर्षं उभे होते. अठराव्या शतकात नवी बांधकामं काढायची म्हणून ते आपल्याच धर्माच्या, आपल्याच राज्याच्या लोकांनी पाडून साफ केले. हे आजोबांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही, मी विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं, वर म्हणाले की टूरमध्ये इतकं बारीक सांगितलं की लोक मोबाईल काढतात. बरोबरच आहे म्हणा. कुठल्याही गावात परक्याने तोडलेलं जास्त लक्षात राहतं आणि घरच्यांनी तोडलेल्याला नूतनीकरण म्हणतात.

याच भागात थोडं आत 1888 चं सिनेगॉग आहे, लिपोट बाउमहोर्न या आर्किटेक्टचं. हाच पुढे सेगेदचं ते भव्य सिनेगॉग बांधणारा. मूरिश धर्तीची कमानींची इमारत, नीट रंगवलेली. 1944 च्या उन्हाळ्यात इथल्या ज्यूंना आउशवित्सच्या छळछावणीत पाठवलं. प्रार्थना करायला माणसंच उरली नाहीत, मग इमारतीला दुसरी कामं लागली. आजोबांनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि चालायला लागले. इथे तुर्क नव्हते.

मग चढ. मांजराच्या पायऱ्या म्हणतात त्या वाटेला, अरुंद, उभी, दोन्हीकडे भिंत. माझ्या गुडघ्यांनी तिथे जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोलिश बहिणी मात्र तरातरा वर.

वर राजवाडा. हंगेरीचं राज्य सुरू झालं ते इथूनच असं म्हणायला हरकत नाही. गेझा नावाच्या सरदाराने दहाव्या शतकात इथे बस्तान बसवलं, त्याचा मुलगा वाय्क, साधारण 975 च्या सुमारास जन्मला, ख्रिश्चन झाला, इश्तवान हे नाव घेतलं आणि 1000 च्या नाताळात किंवा 1001 च्या पहिल्या दिवशी (दोन्ही सांगतात) इथेच त्याचा राज्याभिषेक झाला. संत इश्तवान म्हणजे त्यांचा आद्य राजा. पुढची अडीचशे वर्षं राजा इथेच, मग 1241-42 मध्ये मंगोल आले, देशाची राखरांगोळी झाली, आणि चौथ्या बेला राजाने आपला मुक्काम बुडा या गावी (आजच्या बुडापेस्टचा भाग) हलवला. राजा गेला, आर्चबिशप राहिला. तेव्हापासून हे गाव देवाधर्माचं, सत्तेचं नाही. मला तरी वाटतं त्यामुळेच ते इतकं शांत आहे.

राजवाड्याची खरी गंमत अशी की तो शेकडो वर्षं कुणाला दिसतच नव्हता. वेढ्यांमध्ये ढासळला, वर माती टाकून तटबंदी केली, तोफा चढवल्या, लोक विसरले. 1934 ते 38 मध्ये उत्खनन झालं तेव्हा मातीच्या ढिगाऱ्यातून खोल्याच्या खोल्या निघाल्या, बाराव्या शतकातलं चॅपेल निघालं, आणि एका खोलीत भिंतीवर चार बायका. विवेक, संयम, धैर्य आणि न्याय, अशा चार सद्गुणांच्या आकृत्या. ही खोली पंधराव्या शतकात यानोश वितेझ या विद्वान आर्चबिशपची अभ्यासिका होती असं मानतात. 2007 मध्ये रिस्टोरेशन करणाऱ्यांनी जाहीर केलं की यातली संयमाची आकृती तरुण बोत्तिचेल्लीच्या, म्हणजे त्या प्रसिद्ध इटालियन चित्रकाराच्या, हातची आहे. झालं, जगभर बातमी. अनेक तज्ज्ञ मानत नाहीत. आजोबा मानतात का, असं त्या अमेरिकन मुलाने विचारलं (त्याचा हा एकच प्रश्न), तर म्हणाले, "मी एस्तेरगोमचा आहे, मला मानावंच लागतं."

माझं म्हणाल तर मला बोत्तिचेल्ली असला काय नि नसला काय. चित्रातला निम्मा भाग गेलाय. जिथे रंग उडालाय तिथे नवा रंग भरून खोटेपणा केलेला नाही, नुसता मातकट गिलावा ठेवलाय, त्यामुळे चेहरा आहे पण खांदा नाही, बोटं आहेत पण हातातली वस्तू अर्धी. तुम्हाला उरलेलं मनात पूर्ण करावं लागतं. गाईड बोलत असताना मी एका पावलाकडे बघत होते, संयमाच्याच बहुतेक, नाजूक, पुढे टाकलेलं, आणि पाऊल ठेवायला जमीनच शिल्लक नाही.

आणि मग बासिलिका. टेकडीवर ही एवढी प्रचंड इमारत का, हा प्रश्न खाली नदीवरून बघताना पडतोच. बाहेरून घुमटाची उंची 100 मीटर. 1822 ला काम सुरू, 1869 ला संपलं, मध्ये तीन आर्किटेक्ट झाले. 1856 मध्ये काम अर्धवट असतानाच अर्पणसोहळा उरकला, त्यासाठी फ्रान्झ लिस्टने खास संगीत लिहिलं आणि स्वतः उभं राहून वाजवून घेतलं. आत मुख्य वेदीवर मिकेलांजेलो ग्रिगोलेत्तीचं चित्र आहे, साडेतेरा मीटर उंच, साडेसहा मीटरच्या वर रुंद, आणि एकाच कॅनव्हासवर काढलेलं. हे सगळं ऐकून तोंडात बोट घालायचं असतं, आम्ही घातलं. भाची चारशे पायऱ्या चढून घुमटावर गेली, मी खालीच बसले. खरं सांगायचं तर आतली भव्यता मला जरा कोरडीच वाटली. एखाद्या सरकारी सभागृहात देव आणून बसवलाय असं.

पण डावीकडे वळलात की बाकोत्सचं चॅपेल आहे, आणि माझ्या मते एस्तेरगोमला येण्याचं कारण एवढंच पुरे.

तमाश बाकोत्स हा कुळवाड्याचा पोरगा, बाप गाड्यांची चाकं करणारा, आणि हा शिकून, चिकाटीने, थोड्या लबाडीनेही असं म्हणतात, आर्चबिशप आणि राज्याचा चान्सलर झाला. 1506 मध्ये त्याने स्वतःच्या कबरीसाठी हे चॅपेल बांधायला घेतलं, इटलीहून फ्लोरेन्सचे कारागीर आणले, आणि दगड मात्र इथल्याच खाणीतला, लाल. आल्प्सच्या उत्तरेला इतकं शुद्ध रेनेसाँ शैलीचं काम इतक्या लवकर फारसं कुठे झालेलं नाही. 1513 मध्ये बाकोत्स पोप होण्यासाठी रोमला गेला, खरोखर दावेदार होता, पण मेदिची घराण्यातला माणूस निवडून आला. समजूत म्हणून नव्या पोपने याला तुर्कांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारायचा अधिकार देऊन परत पाठवलं. यानेही पुकारलं. शेतकरी हजारोंनी जमले, हत्यारं हातात आली, आणि तुर्कांऐवजी ते आपल्याच जमीनदारांवर उलटले. 1514 चं द्योर्द्य दोझाचं बंड ते हेच. बंड चिरडलं, दोझाला तापवलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून मारलं, आणि उरलेल्या शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या जमिनीला बांधून टाकलं. कुळवाड्याच्या पोराच्या एका घोषणेचा हा शेवट. असा माणूस, आणि त्याची जागा बघाल तर इतकी शांत की बोलवत नाही.

आता या चॅपेलचं पुढचं ऐका. जुनं कॅथेड्रल पडलं तरी हे टिकलं होतं. नवी बासिलिका बांधताना हे मध्ये यायला लागलं, पाडायला मन होईना. तेव्हा 1823 मध्ये या लोकांनी ते आख्खं चॅपेल सोडवलं, साधारण सोळाशे तुकडे केले, वीसेक मीटर सरकवलं आणि नव्या इमारतीच्या पोटात पुन्हा जोडून उभं केलं. क्रेन नाही, कॉम्प्युटर नाही, बैल, कप्प्या, दोर आणि गवंडी. मी जवळ जाऊन सांधे शोधत बसले. लाल दगडावर कोरीव वेलबुट्टी चाललीय, एका पानाच्या मधोमध बारीक रेघ जाते, आणि पान रेघेच्या पलीकडे तसंच्या तसं पुढे चालू. काही ठिकाणी रेघ जरा उघडी आहे, नख अडकेल इतकी. कुणीतरी तो तुकडा बसवताना मागेपुढे करून बघितला असेल, "अजून थोडा डावीकडे" म्हटलं असेल, दुपार झाली असेल. त्या सोळाशेतला एक तुकडाही उलटा लागला असता तर आज मला कळलंही नसतं कदाचित, पण लागलेला दिसत नाही.

जाताना खाली तळघरात नेलं, इजिप्शियन धाटणीचं, जाडजूड खांबांचं. तिथे कार्डिनल मिंडसेन्तीची कबर. कम्युनिस्टांनी 1948 च्या नाताळात पकडला, जन्मठेप दिली, 1956 च्या उठावात सुटला, उठाव रशियन रणगाड्यांनी मोडल्यावर बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत आसरा घेतला आणि तिथे पंधरा वर्षं राहिला. पंधरा वर्षं एका इमारतीत. 1975 मध्ये व्हिएन्नात वारला, 1991 मध्ये त्याला इथे आणून पुरलं. कबरीवर फुलं आणि देशोदेशीच्या रिबिनी होत्या, बऱ्याचशा पोलिश. पोलिश बहिणींपैकी धाकटी तिथे गुडघे टेकून बसली. मोठी मात्र बाहेर तटावर गेल्यावर खुलली, कारण तिथे आजोबांनी 1683 ची गोष्ट काढली. व्हिएन्नाचा वेढा उठवल्यावर पोलंडचा राजा यान सोबिएस्की तुर्कांचा पाठलाग करत इथवर आला, समोरच्या काठावर पारकान्यला ऑक्टोबरच्या 7 तारखेला घाईघाईत हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला, स्वतः कसाबसा वाचला. दोन दिवसांनी सगळं सैन्य गोळा झाल्यावर जिंकला आणि महिना संपायच्या आत एस्तेरगोम सुटलं. आजोबांनी "मार खाल्ला" म्हटल्यावर बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं आणि इंग्लिश संपलं तेव्हा पोलिशमध्ये सुरू ठेवलं. आजोबा नम्रपणे मान हलवत होते. शिक्षक माणूस, मुलींशी वाद घालायची सवय असणार.

तटावर टूर संपली, पावतीवर तसं लिहिलेलंच होतं. टाळ्या, टिप, फोटो. तिथून खाली नदीवर हिरवट रंगाचा तो पूल दिसत होता आणि भाचीने विचारलं की पुलाचं काय, त्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. आजोबा म्हणाले, "मी आता घरी चाललोय, पुलावरूनच जातो, चला हवं तर." त्यांचं घर पलीकडे. म्हणजे स्लोव्हाकियात. हे त्यांनी टूरच्या दोन-अडीच तासांत एकदाही सांगितलं नव्हतं.

मारिया व्हॅलेरिया पूल, ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ योसेफ याच्या धाकट्या मुलीच्या नावाचा. 1895 ला बांधला, पाच कमानी, अर्धा किलोमीटर लांब. तेव्हा दोन्ही काठ एकाच राज्यात होते, त्यामुळे पूल म्हणजे नुसता पूल. पहिलं महायुद्ध संपलं, 1919 मध्ये एका बाजूला उडवला गेला, 1920 च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला आणि नदीच्या मधोमध देशाची हद्द आली. पलीकडचं पारकान्य चेकोस्लोव्हाकियात गेलं. 1938 मध्ये पुन्हा हंगेरीत आलं. पूल दुरुस्त होऊन वापरात होताच, पण 1944 मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मधल्या तीन कमानी पाण्यात पाडल्या. युद्ध संपलं, पारकान्य परत चेकोस्लोव्हाकियात, नाव बदलून श्तूरोवो.

आणि मग सत्तावन्न वर्षं तो पूल तसाच राहिला. दोन्ही काठांवर एकेक कमान, मध्ये नुसती हवा. दोन्ही देश कम्युनिस्ट, एकमेकांचे अधिकृत मित्र, तरी पूल कुणी बांधला नाही. आजोबांची बायको पलीकडची. घरात हंगेरियनच बोलायची, श्तूरोवोत आजही बहुतेक लोक हंगेरियनच बोलतात. लग्नाआधी भेटायचं तर फेरी चालू असेल तर फेरी, नसेल तर पन्नासेक किलोमीटर वर कोमारोमच्या पुलापर्यंत जाऊन नदी ओलांडायची आणि तेवढंच पलीकडून परत यायचं, शिवाय पासपोर्ट, शिक्के, "कशासाठी चाललात?" समोर तिच्या घराचं छप्पर दिसायचं म्हणे. मी विचारलं, मग हाका मारायचात का? हसले. म्हणाले, नदी पाचशे मीटर रुंद आहे, ती रागावली की एवढं अंतर बरं असायचं.

11 ऑक्टोबर 2001 ला पूल पुन्हा सुरू झाला, युरोपियन युनियनच्या मदतीने, जुन्या दोन कमानी तशाच ठेवून मधल्या तीन जुन्याच घडणीच्या नव्या घालून. 2007 च्या डिसेंबरमध्ये शेंगेन (हद्दीवर पासपोर्ट तपासायचा नाही हा युरोपातला करार) आलं आणि चौकीही गेली. आता पलीकडची माणसं सकाळी सायकलवरून कामाला इकडे येतात. कुठे कामाला? इथे मला खरं आश्चर्य वाटलं, म्हणजे वाटायला नको होतं, बातमी जुनीच आहे. सुझुकीत! एस्तेरगोमच्या कडेला सुझुकीचा मोठा कारखाना आहे, 1992 पासून गाड्या निघतात, आजवर निघालेल्या स्विफ्ट, वॅगन आर, व्हिटारा, सगळी आपल्या ओळखीची नावं. राजे गेले, आर्चबिशपचंही पूर्वीसारखं काही राहिलं नाही, गावाचं पोट आज बऱ्यापैकी त्या कारखान्यावर चालतं. टूरमध्ये सुझुकीचा ससुद्धा नव्हता. आजोबांना म्हटलं तर म्हणाले, ते बघायला कोण पैसे देईल?

मी म्हटलं, आम्ही देऊ. आणि मग त्यांनी थांबून, कठड्याला टेकून विचारलं की तुम्ही इंडियाच्या ना, मग तुम्हाला मारुती माहीत असेल.

माहीत असेल? आमच्या पिढीला मारुती माहीत असेल का! पण त्यांना कशी माहीत, तर 1987 मध्ये मारुतीने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात गाड्या परदेशी पाठवल्या त्या हंगेरीलाच, पाचशे गाड्या. तेव्हा तिकडे ट्राबांट नाहीतर लाडासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक, अगदी आपल्याकडे स्कूटरसाठी थांबायचे तसेच. अशात ही छोटी चारचाकी आली. आजोबांच्या शेजाऱ्याकडे होती, लाल. एस्तेरगोमच्या कारखान्यातून पहिली गाडी निघायच्या पाच वर्षं आधी एस्तेरगोमच्या रस्त्यावर गुडगावची गाडी फिरत होती म्हणजे. शेजारी, त्याची बायको, सासू आणि दोन मुलं तिच्यात बसून बालाटनच्या तळ्यावर सुट्टीला जायचे, टपावर रबरी नाव बांधून. "पाच माणसं, आणि सासू लहान नव्हती," आजोबा म्हणाले, आणि मला त्या अख्ख्या दुपारीत पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये अजून एक आठशे उभी आहे, दर रविवारी मालक पुसतो, विकत नाही, हे मी सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की बोत्तिचेल्लीच्या वेळीही झाला नव्हता.

पलीकडे उतरल्यावर लगेच टपरीवर लांगोश घेतला. यीस्ट घातलेल्या पिठाचा ताटाएवढा तळलेला गोळा, चपटा, वर लसणाचं पाणी, आंबट क्रीम, किसलेल्या चीजचा डोंगर. नाक्यावरच्या पाटीवर भाव युरोत, बाई बोलतायत हंगेरियन, भाचीकडे फोरिंट. घेतले त्यांनी फोरिंट, दर मात्र त्यांचा. स्लोव्हाकियात 2009 पासून युरो आहे, पुलाच्या या टोकाला दोन्ही नोटा गल्ल्यात शेजारी शेजारी. आजोबांनी खायला नकार दिला, घरी सूप वाट बघतंय म्हणाले, हात हलवला आणि डावीकडच्या गल्लीत गेले.

बासिलिकाचा सगळ्यात चांगला फोटो इथून, स्लोव्हाकियातून येतो, हेही जाता जाता लिहून ठेवते, टूरमध्ये कुणी सांगणार नाही. खाली पाणी, वर तटबंदी, त्यावर तो घुमट. जवळ गेल्यावर जी कोरडी वाटली तीच इमारत इथून एकदम शोभते.

परतीची ट्रेन अलीकडून होती त्यामुळे पुन्हा पूल. अर्ध्यात आलो तेव्हा माझा फोन वाजला, स्लोव्हाकियात आपले स्वागत आहे. शंभर पावलं चाललो, पुन्हा वाजला, हंगेरीत आपले स्वागत आहे. मी आगाऊपणा करून दोन पावलं मागे गेले, परत स्लोव्हाकियात येतं का बघायला. "मावशी, तुझं इंडियाचं रोमिंग पॅक आहे," भाची ओरडली, "डेटा बंद कर आधी!"